काकांच्या दोन ओळी

वाचायला बसण्याआधी माणसं चष्मा पुसतात, काका फूटपट्टी पुसत. स्टीलची, एका टोकाला गंजलेली. प्रोग्रामचा कोड ते आधी कागदावर छापून घेत, पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवत आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचत. पडद्यावर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटतच नसे. आमच्या ऑफिसचा प्रिंटर त्यांच्या एकट्यासाठी जिवंत ठेवला होता म्हटलं तरी चालेल.

ऑफिस वाशीमला, बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पेरणीच्या दिवसांत जिन्यावर सोयाबीनची पोती असायची, त्यांच्यातून वाट काढत वर जावं लागे. आम्ही सात जण. पुण्याच्या एका कंपनीसाठी शेतकरी गटांच्या पिकांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम लिहीत होतो, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. काका पन्नाशी ओलांडलेले. मालक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी तेही त्यांना काकाच म्हणत. मी पुण्यात दोन वर्षं नोकरी करून कारंज्याला घरी परतलेली आणि मग वाशीमला खोली घेऊन राहिलेली. मालकांनी मला टीम लीड केलं होतं, म्हणजे मी काकांची वरिष्ठ होते. ही गोष्ट माझ्याखेरीज कोणी फारशी मनावर घेतली नाही.

त्याआधी वीस वर्षं काका रिसोडला टायपिंगच्या क्लासात शिकवत. टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला, तेव्हा पुस्तकं आणून घरीच पायथॉन शिकले. जुनी सवय मात्र बोटांत राहिली. कोडमध्ये एखाद्या नावाला किंमत देताना मध्ये बरोबरचं चिन्ह येतं. दहा नावं असली की दहा ओळी आणि दहा चिन्हं. नावं लांब-आखूड असतात, त्यामुळे चिन्हं कुठेही पडतात, आणि बहुतेक लोक ती पडू देतात. काका देत नसत. आखूड नावापुढे चार मोकळ्या जागा, त्याहून आखूड असलं तर सहा, असं करून सगळी चिन्हं ते एकाखाली एक आणत. छापलेला कागद लांब धरला की मधून सरळ रेघ गेलेली दिसे.

ऑफिसात सगळे म्हणत की हा मळ्याचा परिणाम. काकांचा केनवडकडे भाजीचा मळा होता. सकाळी मेथी, पालक काढून जुड्या बांधायच्या, त्या घेऊन भाऊ बाजारात गेला की काका एसटीने ऑफिसला यायचे. बाहीला मेथीचा वास असायचा. वाफे आखणारा माणूस कोडही आखतो, असा आमचा सिद्धान्त होता. पुढे मी तो मळा पाहिला. वाफे चांगलेच वाकडे होते. विचारलं तर म्हणाले, पालकाले कोणी वाचत नाई.

लिंटर नावाचं एक साधन असतं. ते कोड न चालवता नुसता वाचतं आणि कुठे काय खटकलं त्याची यादी देतं. अमुक ओळ फार लांब आहे, तमुक नाव कुठेच वापरलं नाही, वगैरे. आम्ही तरुण मंडळी ती यादी डोळे मिटून मान्य करून टाकायचो. काका तिला उत्तरं द्यायचे. लिंटरला ते साहेब म्हणत. सकाळी आल्याआल्या विचारायचे, साहेब काय म्हणून राह्यले? आणि साहेबांचं म्हणणं पटलं नाही तर कोडमध्येच, त्या ओळीच्या वर, मराठीत लिहून ठेवत. अशी एक टीप मला अजून पाठ आहे: ‘साहेब, हे नाव मुद्दाम एका अक्षराचं ठेवलं हाये. ते दोनच ओळी जगते.’

एरवी बोलणं बेताचं. चहा अकराच्या आधी एकच, तोही उभ्याने. माऊसला हात लावत नसत. कोणी चुकलं तर चूक सांगत नसत, चुकीचा कागद त्याच्या टेबलावर पट्टीसकट ठेवून जात. पट्टी जिथे असेल ती ओळ आपण वाचायची. पट्टी परत द्यायला गेलं की विषय संपला. मला ही पद्धत भयंकर चीड आणायची, कारण पट्टी परत करताना मान खाली घालावीच लागायची.

आमचं भांडण झालं ते मोकळ्या जागांवरून. मी पुण्याहून येताना फॉर्मॅटर घेऊन आले होते. हे साधन सगळ्यांचा कोड एकाच छापाचा करून टाकतं. कोणी किती जागा सोडायची, ओळ कुठे मोडायची, हे तेच ठरवतं. जुळवलेली चिन्हं त्याला खपत नाहीत. माझ्या संगणकावर मी फाइल जतन केली की ते आपोआप चालायचं आणि काकांची रेघ मोडायचं. दुसऱ्या दिवशी काका फाइल उघडून सगळ्या जागा परत भरायचे. मी पुन्हा जतन करायची. तीन आठवडे आम्ही दोघांनी हेच केलं. त्या काळातला कामाचा इतिहास काढून पाहिला तर त्या फाइलमध्ये नवं काहीच झालेलं नाही, फक्त मोकळी जागा आली आणि गेली.

शेवटी मी सर्वांसमोर विषय काढला. म्हटलं, एक लांब नाव नवं आलं की तुमच्या रांगेतल्या दहाच्या दहा ओळी हलवाव्या लागतात, मग कोणी खरं काय बदललं ते कळत नाही. काकांनी हे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि आपलं म्हणणं त्यांनी एकदाच सांगितलं.

“चूक रांगेच्या बाहेर येते, मंग डोळ्याले टोचते. तू रांगच मोडली तं तिले लपाले जागा भेटली.”

माझं खरं होतं आणि त्यांचंही खरं होतं, त्यामुळे ते भांडण मिटण्यासारखं नव्हतं. मालकांनी मध्ये पडून दोन फाइली काकांच्या ठरवल्या. तिथे फॉर्मॅटरने पाऊल टाकायचं नाही. मी कबूल झाले, पण माझं मन काही कबूल झालं नाही.

त्या दोनपैकी एक फाइल गावांची. जिल्ह्यातली सगळी गावं, त्यांचे तालुके, क्रमांक. काकांनी नावं मराठीत लिहिली होती. पूर्वी ती इंग्रजीत होती तेव्हा मेडशी तीन तऱ्हांनी लिहिली जाऊन तिची तीन गावं झाली होती आणि तिघांचं सोयाबीन वेगवेगळं नोंदलं जात होतं. काकांनी मराठी केल्यापासून मेडशी एक झाली.

मग पुण्याच्या कंपनीने नवी अट घातली. काम देताना प्रत्येक फाइल लिंटरमधून गेली पाहिजे, तीही त्यांच्या यंत्रावर, लिंटरच्या अधिकृत आवृत्तीतून. एकही फाइल वगळायची नाही. दहा दिवसांची मुदत. आम्ही लावून पाहिलं आणि गावांच्या फाइलशी आल्यावर लिंटर कोसळला. तक्रार करणं हे त्याचं काम, ते राहिलं बाजूला, तो स्वतःच आडवा झाला. काम वेळेत गेलं नसतं तर ते दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं आणि आमच्या माडीला कुलूप लागलं असतं. हे मालकांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितलं.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. सगळ्यात मोठ्याने बोलले ती मी. या मोकळ्या जागांनी आज ना उद्या हे होणारच होतं, असं काहीतरी. काका जेवायला गेले असताना मी त्यांच्या फाइलीवर फॉर्मॅटर चालवला, सगळी रेघ मोडली आणि लिंटर पुन्हा लावला. तो पुन्हा तसाच कोसळला. मी जागा परत भरल्या नाहीत आणि माफीही मागितली नाही. वरून त्यांना सांगितलं की आता गावांची नावं इंग्रजीत करा, म्हणजे कदाचित सुटेल.

“गावाचं नाव बदलून साहेबाचा आजार बरा होते काय?” काका म्हणाले. “साहेबालेच तपासा लागन.”

लिंटरचा कोड उघडा असतो. जगभरातली माणसं हौसेनं तो सांभाळतात, कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्ती पाठवावी. काकांनी तो छापायला घेतला. प्रिंटर दुपारपर्यंत चालला. मग ते खिडकीपाशी बसले, पट्टी पुसली आणि साहेबांना पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दोन दिवस ते वाचतच होते.  मुदतीतले दोन दिवस असे गेलेले पाहून मी गुपचूप इंग्रजी नावांची दुसरी फाइल तयार करून ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कागद आला, पण छापलेला नाही. शाळेतल्या गणिताच्या वहीचा चौकोनांचा कागद. वरच्या ओळीत मेडशी लिहिलं होतं, म, मात्रा, ड, श, वेलांटी असं सुटं करून, एका चौकोनात एक. पाच चौकोन. खालच्या ओळीत तेच पुन्हा, पण प्रत्येक खुणेला तीन चौकोन. पंधरा. काका या वेळी पट्टी ठेवून निघून गेले नाहीत, शेजारी उभे राहिले.

इंग्रजी अक्षराला संगणकाच्या पोटात एक घर लागतं, मराठीतल्या प्रत्येक खुणेला तीन. ओळीतला एखादा शब्द कुठे आहे ती जागा पायथॉन लिंटरला सांगतो ती पोटातली घरं मोजून. लिंटर ती जागा शोधतो ती ओळीतल्या खुणा मोजून. इंग्रजीत दोन्ही आकडे सारखे येतात, म्हणून ज्यांनी हे लिहिलं त्यांना कधी कळलं नाही. आमच्या गावांची ओळ आली की हिशेब तिप्पट व्हायचा.

“ओळ इथी संपली,” काकांनी पाचव्या चौकोनावर बोट ठेवलं, “अन् साहेब पुढं चालूनच राह्यले.”

मी चौकोन पुन्हा मोजले. इतकं सोपं दिसत होतं की मला ते आधीच माहीत होतं असं वाटू लागलं. ही भावना वाईट असते, हे तेव्हा ओळखायला हवं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. काकांनी ती सांभाळणाऱ्यांकडे पाठवली, सोबत मेडशी आणि केनवड घातलेली एक चाचणी. तासाभरात उत्तर आलं. परदेशातल्या कोणा गृहस्थाने फार सभ्यपणे लिहिलं होतं: निदान अचूक आहे, आभार, घेतली की लगेच नवी आवृत्ती काढतो, फक्त आमच्या नियमाप्रमाणे फॉर्मॅटर चालवून पुन्हा पाठवा. काकांनी त्या दोन ओळींतही बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणली होती. त्यांच्या दारावर बसवलेल्या यंत्राने तेवढ्यावरून त्यांना परत पाठवलं होतं.

मला हसू आवरेना. काकांना आलं नाही. दोन ओळी माह्या, अन् त्याबी माह्या हातानं नाई लिहाच्या काय, असं म्हणून त्यांनी संगणक बंद केला. मालकांनी समजावलं, मी समजावलं. एक कळ दाबायची, काका. ते दाबेनात. त्यात दोन दिवस गेले. मुदतीला तीन राहिले. तेव्हा मी विचारलं की मी पाठवू का, माझ्या खात्यावरून. काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, पाठव.

मी त्यांच्या दोन ओळी घेतल्या, मधल्या मोकळ्या जागा काढल्या आणि पाठवल्या. अशा वेळी खाली आणखी एक ओळ घालायची सोय असते. हे काम मुळात अमक्याचं आहे, असं त्यात लिहिलं की दोघांचं नाव कायमचं नोंदलं जातं. मला ती सोय माहीत होती. माझं बोट तिथे थांबलंही होतं. मी ती ओळ घातली नाही. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की घाई होती. ती ओळ लिहायला जितका वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ मी ती न लिहिण्याचा विचार करण्यात घालवला होता.

दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात माझं नाव होतं आणि आभार होते. गावांची फाइल पुण्याला पार झाली, काम गेलं, माडी राहिली. मालकांनी बालूशाही आणली आणि पहिली मला दिली. काकांनीही एक खाल्ली. माझ्या टेबलावर तो चौकोनांचा कागद तसाच पडलेला होता. काका काही बोलले नाहीत, म्हणून मी धरून चालले की त्यांना त्याचं काही नाही.

वर्षभरात मला पुण्याच्या मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी ती नोंद काढूनच विचारलं, हा दोष कसा सापडला? मी चौकोनांचा कागद सांगितला, पाच खुणा आणि पंधरा घरं सांगितली. ‘मी’ म्हणून सांगितलं. ते खूश झाले. पेढे घेऊन काकांकडे गेले तेव्हा त्यांनी मला मळ्यातली दोन वांगी दिली आणि खोली कुठे घेणार ते विचारलं.

नंतर ती गोष्ट मी पुष्कळ सांगितली. नव्याने लागलेल्यांना शिकवायला ती फार सोयीची होती, तेच म्हणायचे, मॅडम, ते चौकोनांचं सांगा. मागच्या थंडीत एकदा सांगत असताना मी म्हणाले, मग मी वहीतला एक कागद फाडला, आणि तो फाडतानाचा आवाज मला खरोखर आठवला. मी कधीही न फाडलेला कागद. त्या दिवशी मात्र मी घाबरले. आणखी दोन वर्षांनी या गोष्टीत काका माझ्यासाठीसुद्धा उरले नसते.

त्या शनिवारी मी पुण्याहून कारंज्याला घरी आले, मग वाशीम आणि तिथून रिसोडची एसटी धरून केनवडला उतरले. काकांनी ऑफिस सोडून दोन वर्षं झाली होती. ते वांग्याच्या वाफ्यात निंदत होते. वाकूनच म्हणाले, ये बाई, चप्पल तिकडं काढ, वला हाये. मी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. मुलाखत, आभार, न फाडलेला कागद. ती एक ओळ घालता येत होती, हे त्यांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून तेही समजावून सांगितलं.

“माहीत होतं,” काका म्हणाले. “त्याहीचे नियम म्या सगळे छापून वाचले होते. तू पाठवलं तवा म्या तुह्या मांगंच उभा होतो. तुयं बोट थांबलं थे पाह्यलं.”

“मंग बोलले काहून नाही?”

“तुले दिसून राह्यलं होतं. मंग म्या काय दाखवू?”

ते पुन्हा निंदायला लागले. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, नावात काय आहे. खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी एवढ्या लांब आले होते. मी विचारलं, आता त्यांना लिहून तुमचं नाव घालायला सांगू का? काकांनी खुरपं खाली ठेवलं.

“लिही. माह्यं काम हाये थे. पाच वर्सं लागले तुले.”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला, फोनवरून नेट जोडलं आणि बांधावरच पत्र लिहायला घेतलं. काकांचं पूर्ण नाव लिहिलं. इथे ते लिहीत नाही, कारण नाव कामावर असावं, गोष्टीत नको, असं त्यांनीच बजावलंय. पत्र इंग्रजीत होतं. त्यांनी हात धुतले, ओला हात लेंग्याला पुसला आणि माझ्या शेजारी बसून वाचलं. मी लिहिलं होतं की ही दुरुस्ती मुळात यांची आहे आणि त्या वेळी यांचं नाव नजरचुकीने राहून गेलं. काकांनी पडद्याला न टेकवता त्या शब्दावर बोट धरलं.

“हे खरं नाई,” ते म्हणाले.

मी तो शब्द काढला. त्या जागी काय घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही. विहिरीवरची मोटार बंद करायला उठून गेले. वाक्य मधोमध रिकामं होतं. मी लिहिलं, की नाव मला माहीत होतं, ते कुठे लिहायचं हेही माहीत होतं, आणि मला एकटीला श्रेय हवं होतं म्हणून मी ते लिहिलं नाही. पाणी बंद झाल्याचा आवाज आला. ते परत येईस्तोवर पत्र गेलं होतं.